वाचक येतात, पण वेबसाइट फायद्यात येत नाही: आधी काय बदलावे?

प्रश्न (फिरते चाक)

नमस्कार मंडळी,

सायकलींची देखभाल आणि घरच्या घरी करता येईल अशी दुरुस्ती या विषयावर मी एक वेबसाइट चालवतो. ती वर्डप्रेस या वेबसाइट बनवण्याच्या प्रणालीवर आहे. लेख मी स्वतः लिहितो आणि छायाचित्रेही स्वतःच काढतो. वाचकांची वानवा नाही. त्यांतले बहुतेक गूगलवरून येतात, हवा तो लेख वाचतात आणि निघून जातात. उत्पन्न मात्र ॲडसेन्स या गूगलच्या जाहिरातसेवेतून येणाऱ्या जाहिरातींपुरतेच आहे आणि त्यातून डोमेन व होस्टिंगचा खर्च जेमतेम भागतो. लेखनाला आणि छायाचित्रांना जो वेळ लागतो, त्याचा मोबदला या हिशेबात कुठेच बसत नाही.

ओळखीच्या लोकांचे सल्ले वेगवेगळे आहेत. एआयकडून लेख लिहून घेऊन रोज काही ना काही प्रसिद्ध करावे, असे एक म्हणतात. प्रत्येक लेखात जाहिरातींच्या जागा वाढवाव्यात, असे दुसऱ्यांचे मत आहे. अवजारांच्या आणि सुट्या भागांच्या ॲफिलिएट लिंक (ज्यांवरून खरेदी झाली तर कमिशन मिळते) टाकाव्यात, असेही सुचवले गेले आहे. सगळे एकदम करणे मला शक्य नाही आणि पहिल्या दोन सल्ल्यांबद्दल मन साशंक आहे. त्यातच, शोधाच्या निकालांत सर्वांत वर गूगल स्वतःच उत्तर देऊ लागल्यापासून ‘अमुक भाग म्हणजे काय’ अशा लेखांकडे येणारी वर्दळ घटलेली दिसते. हे काम मला मनापासून प्रिय आहे आणि वेबसाइट स्वतःच्या पायावर उभी राहावी अशी इच्छा आहे. सुरुवात कुठून करावी आणि कशाच्या वाटेला जाऊ नये, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १ (नोंदवही)

काहीही वाढवण्याआधी, सध्या जे आहे त्यातले नेमके काय कमावते ते पाहा. एकूण वाचकसंख्येचा आकडा मनाला बरा वाटतो, पण निर्णय घेताना तो फारसा कामाला येत नाही. सर्च कन्सोल हे गूगलचे वेबसाइटमालकांसाठीचे साधन उघडा, एकेक महत्त्वाचे पान निवडा आणि कोणते शब्द टाकून लोक त्या पानावर पोहोचतात ते वाचा. ‘सायकलचे गिअर कसे चालतात’ असे शोधणाऱ्याला माहिती हवी असते. ‘११ गिअरच्या सायकलला कोणती साखळी बसते’ असे शोधणारा मात्र साखळी विकत घेण्याच्या बेतात असतो. पहिल्या प्रकारच्या पानावर हजार माणसे आली तरी हाती काही लागत नाही. दुसऱ्या प्रकारच्या पानावर पन्नासच आली तरी त्यांतला एखादा तुमच्या सल्ल्यावरून खरेदी करतो. तुमच्या लेखांची या दृष्टीने विभागणी करा, म्हणजे पुढचा लेख कोणता लिहावा हा प्रश्न आपोआप सुटेल.

रोज एआयकडून लेख लिहून घेण्याच्या वाटेला जाऊ नका. फेब्रुवारी २०११ मधल्या गूगलच्या ‘पांडा’ अपडेटने उथळ मजकुराचे कारखाने चालवणाऱ्या वेबसाइटना जबर फटका दिला होता, आणि मार्च २०२४ मध्ये गूगलने आपल्या स्पॅमविषयक धोरणात हे आणखी स्पष्ट केले: केवळ निकालांत वर येण्यासाठी, वाचकाला काही नवे न देता, मोठ्या प्रमाणावर तयार केलेली पाने नियमबाह्य ठरतात, मग ती माणसाने लिहिलेली असोत की यंत्राने. शिक्षा झालीच नाही असे गृहीत धरले, तरी एक अडचण उरते. यंत्र जे सहज लिहून देते, तेच उत्तर गूगल आता निकालांच्या वर स्वतः देते. मे २०२४ मध्ये ही एआय ओव्हरव्ह्यू नावाची सोय सुरू झाल्यापासून व्याख्यावजा लेखांचे दिवस मंदावले आहेत. तुमच्या निरीक्षणाचे कारण बहुधा हेच असावे.

मग कोणता लेख टिकतो? ज्यात लेखकाच्या हाताखालून गेलेले काम दिसते तो. उदाहरणार्थ, साखळी झिजल्याचे कसे ओळखावे हा लेख घ्या. ‘साखळी वेळोवेळी तपासावी’ हे वाक्य कोणीही लिहील. त्याऐवजी तुम्ही असे दाखवू शकता: साखळीच्या एका पिनेपासून पुढच्या पिनेपर्यंतचे अंतर अर्धा इंच असते, म्हणून नव्या साखळीच्या २४ कड्या बरोबर १२ इंच भरतात, पट्टीचा शून्य एका पिनेच्या मध्यावर ठेवला आणि चोविसावी कडी संपते तिथली पिन १२ इंचांच्या खुणेपुढे एक षोडशांश इंच सरकलेली दिसली, तर साखळी सुमारे अर्धा टक्का लांबली आहे आणि ११ किंवा १२ गिअरच्या सायकलवर ती आता बदलावी. सोबत पट्टी लावलेल्या दोन साखळ्यांचे, एक नवी आणि एक झिजलेली, असे तुम्हीच काढलेले छायाचित्र द्या. असा लेख वाचलेला माणूस पुढच्याच परिच्छेदात ‘मग कोणती साखळी घेऊ?’ असे विचारणार, आणि त्याचे उत्तर तुमच्याच पानावर असायला हवे. उत्पन्नाचा झरा तिथे आहे.

जुन्या लेखांकडेही लक्ष द्या. एकाच विषयावरचे तीन अपुरे लेख असतील तर त्यांचा एक पुरा लेख करा आणि जुन्या पत्त्यांवरून नव्या पत्त्याकडे ३०१ प्रकारचे कायमचे पुनर्निर्देशन करा, म्हणजे जुन्या लिंकांची पुण्याई वाया जात नाही.

प्रतिसाद २ (मांडणीकार)

वरील प्रतिसादाशी सहमत आहे, फक्त एक गोष्ट जोडतो. विषय कितीही चांगला निवडला, तरी पान वापरताना त्रास होत असेल तर ते कमावत नाही, आणि तुमच्या बाबतीत हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. तुमचा वाचक टेबलाशी बसून वाचत नाही. सायकल उलटी ठेवलेली आहे, हाताला काळे तेल लागले आहे, मोबाइल शेजारी जमिनीवर ठेवला आहे आणि तो एका बोटाच्या कडेने पान सरकवतो आहे. अशा वेळी वरची जाहिरात उशिरा उमटली आणि मजकूर चार बोटे खाली ढकलला गेला, तर त्याची ओळ हरवते किंवा बोट भलत्याच ठिकाणी पडते. तो पुन्हा तुमच्या वाटेला का येईल?

गूगल हीच गोष्ट ‘कोअर वेब व्हायटल्स’ या नावाने मोजते. पानावरचा सर्वांत मोठा घटक २.५ सेकंदांच्या आत दिसला पाहिजे, मजकूर हलण्याचा निर्देशांक ०.१ पेक्षा जास्त नसावा, आणि वाचकाने बोट लावल्यावर पानाने २०० मिलिसेकंदांच्या आत प्रतिसाद द्यावा. प्रत्यक्ष वाचकांच्या ब्राउझरमधून गोळा झालेली ही मोजमापे सर्च कन्सोलमध्ये दिसतात; आपल्या घरच्या वेगवान जोडणीवर पान उघडून निष्कर्ष काढू नये. उपाय अवघड नाहीत. जाहिरातीसाठी उंची आधीच राखून ठेवा, छायाचित्रे दाखवायची आहेत तेवढ्याच आकाराची आणि वेबपी या कमी जागा घेणाऱ्या स्वरूपात ठेवा, आणि वापरात नसलेले प्लगइन (वर्डप्रेसला जोडलेले पूरक प्रोग्रॅम) काढून टाका.

जाहिरातींच्या जागा वाढवण्याबद्दल माझे मत ठाम आहे: वाढवू नका, उलट दोन-तीन कमी करून पाहा. २०२४ च्या सुरुवातीपासून ॲडसेन्स मुख्यतः जाहिरात दाखवल्याचा मोबदला देते, केवळ क्लिकचा नव्हे. त्यामुळे जागा वाढवण्याचा मोह होतो हे खरे. परंतु जिथे वाचकाची नजर पोहोचतच नाही अशा जागांना जाहिरातदार कमी बोली लावतात. लेखात मध्यावर, कृतीचा एक टप्पा संपून दुसरा सुरू होण्याआधी ठेवलेली एक जाहिरात तळाशी रचलेल्या चार जाहिरातींपेक्षा अधिक देते.

फिरते चाक

दोघांचेही आभार. साखळीच्या लेखाची सूचना लगेच अमलात आणतो. ॲफिलिएटबद्दल मात्र एक शंका आहे. ज्या अवजारांवर कमिशन मिळते त्यांचीच शिफारस होऊ लागली, तर आजवर जमवलेला विश्वास जाईल असे वाटते. शिवाय गूगलच्या एखाद्या बदलाने सगळी वर्दळ एका रात्रीत आटली तर काय, ही धास्ती कायम असते.

प्रतिसाद ३ (दुकानाबाहेरचा)

शंका अगदी रास्त आहे, आणि ती मनात असणारा माणूसच ॲफिलिएटचे काम नीट करू शकतो. ॲमेझॉनने १९९६ मध्ये आपला सहयोगी कार्यक्रम सुरू केला तेव्हापासून या पद्धतीचे तत्त्व बदललेले नाही: वाचक तुमच्या लिंकवरून गेला आणि त्याने खरेदी केली तर विक्रेता तुम्हाला वाटा देतो. हा वाटा विक्रेता केव्हाही कमी करू शकतो, हे मात्र लक्षात असू द्या. म्हणून एकाच कार्यक्रमावर विसंबू नका. विश्वास टिकवायचा असेल तर स्वतः वापरलेल्याच वस्तूची शिफारस करा, तिचे उणे स्पष्ट लिहा, आणि जिथे विकत घेण्याची गरजच नाही तिथे तसे सांगा. साखळीची झीज पट्टीने मोजता येते हे आधी सांगून मगच मापकाची लिंक देणाऱ्या लेखकावर लोक विश्वास ठेवतात. लिंकमधून कमिशन मिळते ही सूचना पानाच्या वरच्या भागात, लिंक येण्याआधी, साध्या शब्दांत द्या. अशा लिंकांना ‘स्पॉन्सर्ड’ ही खूण लावण्याची सोय गूगलने २०१९ मध्ये केली आहे, तीही वापरा.

तरीही माझ्या मते खरा नफा स्वतःच्या वस्तूत आहे. जाहिरात आणि कमिशन या दोन्हींत भाव दुसरा ठरवतो. तुम्ही छायाचित्रे स्वतः काढता, कृती स्वतः करता; त्यातून छापून भिंतीवर लावता येईल असा देखभालीचा तक्ता, किंवा ‘पूर्ण सायकल खोलून पुन्हा जोडणे’ असा क्रमवार चित्रांचा सशुल्क पाठ तयार होऊ शकतो. डिजिटल वस्तू एकदा नीट तयार केली की प्रत्येक नव्या विक्रीमागे खर्च जवळजवळ नसतो. ती बनवण्याआधी मागणी तपासा: संबंधित लेखाच्या शेवटी वस्तूचे वर्णन आणि ‘तयार झाल्यावर कळवा’ असा ईमेलचा रकाना ठेवा. कोणी पत्ता देत नसेल, तर वस्तू बनवण्याचे कष्ट वाचले.

तुमच्या धास्तीचे उत्तरही याच रकान्यात आहे. शोधयंत्राने पाठवलेला वाचक शोधयंत्राच्या मर्जीने येतो. ईमेल देऊन गेलेल्या वाचकाकडे तुम्ही स्वतः जाऊ शकता. महिन्यातून एखादे पत्र पुरे, पण त्यात त्या हंगामाला लागणारी एक तरी कामाची कृती असावी. पत्र स्वतःच्या डोमेनवरून पाठवा आणि पत्र खरोखर तुमच्याच डोमेनचे आहे हे पटवणाऱ्या एसपीएफ, डीकेआयएम व डीमार्क या नोंदी करून घ्या. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने दिवसाला ५,००० हून अधिक पत्रे पाठवणाऱ्यांवर या नोंदी आणि एका क्लिकमध्ये नाव कमी करण्याची सोय बंधनकारक केली आहे. तुमची यादी लहान असली तरी ही व्यवस्था सुरुवातीलाच केलेली बरी, नाहीतर पत्रे स्पॅममध्ये जाऊन पडतात. यादी दर महिन्याला उतरवून स्वतःजवळ ठेवा, म्हणजे सेवा बदलली तरी वाचक सुटत नाहीत.

प्रतिसाद ४ (रखवालदार)

कमाईची चर्चा चांगली चालली आहे. मी फक्त व्यवस्थापनाचे सांगतो, कारण हे बिघडले तर बाकीचे सगळे थांबते. डोमेन स्वतःच्या नावावर आणि स्वतःच्या खात्यात आहे ना, हे आजच तपासा. वेबसाइट बनवून देणाऱ्याच्या खात्यात डोमेन असेल तर वेबसाइट खऱ्या अर्थाने तुमची नाही. नूतनीकरण आपोआप होईल असे ठेवा आणि खात्याशी जोडलेला ईमेल त्याच डोमेनवरचा ठेवू नका. डोमेन बंद पडले तर सूचना पोहोचणारच नाही.

बॅकअप होस्टिंगच्या त्याच सर्व्हरवर असेल तर तो बॅकअप नव्हे. तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यांतली एक दुसऱ्या ठिकाणी, हा जुना नियम पाळा. आणि अधूनमधून त्या प्रतीवरून वेबसाइट चाचणीच्या जागी उभी करून पाहा. न तपासलेल्या प्रतीवर भरवसा ठेवता येत नाही. वर्डप्रेसमध्ये घुसखोरी बहुतेक वेळा जुन्या प्लगइनमधून होते, म्हणून अपडेट लांबणीवर टाकू नका आणि प्रवेशासाठी दुहेरी पडताळणी लावा.

फिरते चाक

फार मोलाची माहिती मिळाली. या आठवड्यात पानांची विभागणी करून अपुरे लेख एकत्र करायला घेतो, जाहिरातींची उंची राखून ठेवतो आणि साखळीच्या लेखाखाली ईमेलचा रकाना लावतो. शेवटचा प्रश्न: बदल लागू पडला की नाही, हे किती काळाने ठरवावे?

प्रतिसाद ५ (नोंदवही)

हे तीन बदल एकाच आठवड्यात करू नका. कशाने काय झाले ते कळणार नाही. आधी जाहिरातींची उंची राखून ठेवा. कोअर वेब व्हायटल्सचे आकडे मागच्या २८ दिवसांचे मिळून असतात, त्यामुळे त्याचा परिणाम पुरता दिसायला सुमारे महिना जातो. लेख एकत्र करण्याचा परिणाम त्याहून सावकाश दिसतो. ईमेलचा रकाना मात्र थोड्याच दिवसांत बोलू लागतो. तिथे पानावर आलेल्या दर शंभरांपैकी किती जण पत्ता देतात एवढेच पाहा.

सायकलचा विषय हंगामी आहे, म्हणून तुलना मागच्या महिन्याशी न करता मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करा. सर्च कन्सोल १६ महिन्यांपलीकडची माहिती ठेवत नाही, तेव्हा पहिला बदल करण्याआधीच सध्याचे सगळे आकडे उतरवून घ्या. त्या तक्त्यात प्रत्येक पानापुढे दोन रकाने स्वतः भरा: त्या पानातून महिन्याला आलेले उत्पन्न, आणि ते पान ताजे ठेवायला लागलेला वेळ.