मदत हवी आहे: वाफ आली की झिओलाइट हात टेकतो

मंडळी, एम.टेक.च्या प्रकल्पात अडकलोय. विटांच्या कारखान्यातून पोतंभर फ्लाय ॲश (कोळशाची उडती राख) आणली, कॉस्टिक सोड्याबरोबर ५५० अंशांवर भाजली, पाण्यात ९० अंशांवर शिजवून झिओलाइट एक्स (बारीक छिद्रांत वायू धरून ठेवणारा खनिजासारखा पदार्थ) केला आणि सोडियमच्या जागी तांबं बसवलं. पावडर मस्त फिकट निळी! कोरड्या गॅसमधले सल्फर डायऑक्साइड आणि नायट्रिक ऑक्साइड दोन्ही धरते. पण कोळशाच्या धुरात असते तशी ८ टक्के वाफ सोडली, की नायट्रिक ऑक्साइड लगेच निसटतो. पाणी आधीच जागा बळकावतं, हे कळतंय. सर म्हणतात, ॲल्युमिना कमी, म्हणून पाणीही कमी ओढणाऱ्या झेडएसएम-५ या दुसऱ्या झिओलाइटकडे वळ. मग राखेचा स्वस्तपणा कुठे राहिला? बेडच्या (झिओलाइट भरलेल्या थराच्या) आधी वाफ शोषायला सिलिका जेलचा थर कोणी लावून पाहिलाय का? किती तास टिकतो?