शब्दचर्चा : ‘अंतर्दृष्टी’, ‘भान’ की ‘आजाराची जाणीव’?

प्रश्न : छिन्नमनस्कतेच्या (स्किझोफ्रेनियाच्या) रुग्णांच्या नातेवाइकांसाठी ठाण्यात आम्ही काही जण एक माहितीपत्रक लिहीत आहोत. ‘इनसाइट’साठी, म्हणजे आपण आजारी आहोत हे रुग्णाला स्वतःला उमगण्यासाठी, ‘अंतर्दृष्टी’ हा शब्द योजला आणि ती अनेक रुग्णांत नसते असे लिहिले, तेव्हा एका आईंनी विचारले, ‘‘म्हणजे माझ्या मुलाला अध्यात्माची ओढ नाही, असे का?’’ याहून नेमका शब्द कोणता?

उत्तर : आईंची शंका रास्त आहे. अंतर्दृष्टी हा आपल्याकडे साधकाने कमवायचा गुण. तो नसणे हे काही आजाराचे लक्षण नव्हे. ‘भान’ जवळचा वाटतो, पण ‘त्याला भान नाही’ म्हटले की शुद्ध हरपल्यासारखे वाटते, आणि प्रत्यक्षात तोच मुलगा ठाणे स्थानकावर नेमकी लोकल पकडतो.

मी ‘आजाराची जाणीव’ सुचवेन. घरची माणसे ‘त्याला पटत नाही’, ‘तो मान्य करत नाही’ असे म्हणतात. या दोन्हींत त्याला कळले आहे, फक्त तो अडून बसला आहे, असे गृहीत धरलेले असते, मग रात्र रात्र वाद चालतात आणि हा वेड पांघरून पेडगावला जातो आहे, असा संशयही घेतला जातो. ‘जाणवत नाही’ म्हटले की हा आरोप गळून पडतो, कारण जाणवणे हे कोणाच्या मर्जीवर नसते. बाबिन्स्की या फ्रेंच चेताविकारतज्ज्ञाने १९१४ साली ‘अनोसोग्नोसिया’ ही संज्ञा घडवली ती अर्धांगवायू झालेल्या, पण त्याचा पत्ताच नसलेल्या रुग्णांसाठी. त्यांना हट्टी कोण म्हणेल? मात्र ही जाणीव ‘आहे’ किंवा ‘नाही’ अशी नसते. अँथनी डेव्हिड या ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञांनी १९९० मध्ये तिचे तीन पदर मांडले : आपल्याला मानसिक आजार आहे हे ओळखणे, भासांना भास म्हणता येणे आणि उपचार घेणे. गोळ्या नियमित घेणारा रुग्णही भासांना खरे मानत असू शकतो.

प्रश्न : आणि या रुग्णांचे ‘मी’ असल्याचे वाटणेच डळमळते, त्यासाठी ‘स्वतःची ओळख’ हा शब्द चालेल?

उत्तर : तो शब्द आरशाकडे नेतो, आणि आरशातला चेहरा तर रुग्ण सहसा ओळखतात. डळमळते ते ‘हा विचार माझाच आहे’ हे वाटणे. ‘मीपणा’ अहंकाराने अडवला आहे, ‘स्वत्व’ अभिमानाने. म्हणून ‘कर्तेपणाची जाणीव’ बरी. आपणच आपल्याला गुदगुल्या केल्या तर हसू येत नाही, कारण मेंदूला त्या स्पर्शाचा अंदाज आधीच असतो. मनातल्या बोलण्याबाबत हा अंदाज चुकतो म्हणून ते परके वाटते, अशी एक उपपत्ती आहे. पत्रकात ती अशी लिहिता येईल : ‘बोलणे त्याच्याच मनातले असावे, पण ते आपले आहे, हे त्याला जाणवत नाही.’