मदत हवी आहे: किशोर कादंबरीसाठी उत्खननाची माहिती

नमस्कार मंडळी, १२ ते १५ वयाच्या मुलांसाठी एक साहसकथा लिहितेय, दायमाबादवर. प्रवरेकाठचं आपलं ताम्रपाषाणयुगीन (तांब्याची आणि दगडाची हत्यारं वापरायचे त्या काळातलं) गाव, जिथे १९७४ मध्ये एका शेतकऱ्याला खणताना काशाच्या चार मूर्ती मिळाल्या, हत्ती, गेंडा, म्हैस आणि बैलांचा रथ, रथात उभा माणूस, सगळं मिळून ६० किलोच्या वर वजन! त्या कोणी घडवल्या, नक्की कोणत्या काळातल्या, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही, म्हणजे रहस्य आयतंच आहे, शापबिप घुसवायची गरजच नाही.

अडलंय ते इथे. माझ्या गोष्टीत दोन मुलांना बांधावर असंच काहीतरी सापडतं. १८७८ च्या निखात निधी (म्हणजे जमिनीत पुरलेला खजिना) कायद्याप्रमाणे दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं, एवढं वाचलंय. पण गावात प्रत्यक्षात काय होतं? आधी तलाठी येतो की पोलीस? पंचनामा कसा होतो? आणि कोणी उत्खननावर काम केलं असेल तर प्लीज सांगा, ट्रेंचमध्ये दिवस कसा जातो, खापरं कोण धुतं, नंबर कसे टाकतात? मुलांना खोटं काही वाचायला द्यायचं नाहीये मला.