मदत हवी आहे: खेळाडूंनी गढी जिंकली, आता तिथून हलत नाहीत

नमस्कार. आमच्या डी अँड डीच्या (डंजन्स अँड ड्रॅगन्स, टेबलावर बसून पात्रं घेऊन खेळायचा कथाखेळ) खेळात मी डीएम आहे, म्हणजे गोष्ट चालवणारा. चार खेळाडू, पात्रं सातव्या लेव्हलला. दोन महिन्यांपूर्वी त्यांनी खिंडीतली एक पडकी गढी लुटारूंकडून घेतली. मला वाटलं, लूट उचलून पुढे जातील. त्यांनी तिथेच मुक्काम ठोकला, नकाशा काढला, गढीला नावसुद्धा दिलं. त्यांचा इतका जीव जडलाय की ती काढून घेणं मला जमणार नाही.

अडचण हिशेबाची आहे. २०१४ च्या नियमांत लहान किल्ल्याला ५०,००० सोन्याची नाणी आणि ४०० दिवस लागतात, शिवाय रोजचा खर्च १०० नाणी. मालक बाहेर असला की एका दिवसामागे बांधकाम ३ दिवसांनी लांबतं. साहसाला निघावं तर बुरूज रखडतो, थांबावं तर खेळ! मागच्या सेशनचा दीड तास कोठार, शिबंदीचा पगार आणि छपराची दुरुस्ती यातच गेला. फायटर (योद्धा) आणि विझार्ड (जादूगार) खेळणारे रमले होते. चोराचं पात्र खेळणारी मैत्रीण मात्र गप्प होती. उठताना म्हणाली, "आपण बाहेर कधी पडणार?"

गढीवर हल्ला एकदा करून झाला. सारखा केला तर गढी त्यांना ओझं वाटेल, म्हणून तो उपाय नको.

२०२४ च्या नियमांतली बॅस्टिअनची (पात्रांच्या स्वतःच्या ठाण्याची) पद्धत वाचली. सुटसुटीत आहे. पण जिंकलेली पडकी गढी त्यात बसवायची कशी? कोणी केलंय का?

प्रतिसाद:
मी केलंय. सातव्या लेव्हलला प्रत्येक पात्राला २ खास दालनं मिळतात आणि चौघांचे बॅस्टिअन जोडता येतात, म्हणजे एकाच गढीत ८. तिथल्या माणसांचा पगार वेगळा मोजायचा नसतो, तुमचा दीड तास तिथेच वाचेल. टर्न, म्हणजे ठाण्याला आज्ञा द्यायची पाळी, खेळातल्या दर ७ दिवसांनी. पात्र बाहेर असेल तर 'मेंटेन' (नुसती देखभाल) आज्ञा आपोआप चालते आणि घटनांच्या तक्त्यावर फासा पडतो. परत आल्यावर काय घडलं ते ऐकायला माझे खेळाडू धावत येतात.

बाकीची गढी कोसळलेलीच ठेवा. नवव्या लेव्हलला प्रत्येकाची दालनं ४ होतील. ती कुठल्या बुजलेल्या भुयारात आहेत, कुलपं कोणी घातली, हे चोराला शोधू द्या.

धागाकर्ता:
भुयाराचं फार आवडलं. लुटारूंनाही न उघडलेलं एक दार नकाशावर आधीच आहे. शनिवारी तिथूनच सुरुवात करतो.