खारपाणपट्टा: टिनाच्या छपरावरचं पाणी वर्षभर पिण्यासाठी साठवायचं आहे

सांदवाडी
नमस्कार. गाव दर्यापूर तालुक्यात, ऐन खारपाणपट्ट्यात. बोरच्या पाण्यात डाळ शिजत नाही, प्यायचं तर सोडाच. घर २० बाय २५ फूट, दुपाखी टिनं, मागे कवेलूची (मातीच्या कौलांची) पडवी. खाणारी माणसं पाच. मृगाच्या आत काम उरकायचं आहे. टाकी किती लिटरची घ्यावी? जमिनीखाली बांधली तर अंगण मोकळं राहील, चालेल का? आणि टाकी भरल्यावरचं पाणी बोरमध्ये सोडलं तर बोर गोडी होईल का?

मुरूम_गिट्टी
ताई, शेवटचं आधी सांगतो, कारण त्यात लोकांचे पैसे बुडतात. बोर गोडी होणार नाही. पूर्णा नदीच्या गाळाच्या थरातलं पाणीच खारं आहे. छपराचं दहा-वीस हजार लिटर त्यात सोडलं तर ते खाऱ्यात मिसळून जातं, तुमच्या हाताला परत येत नाही. शिवाय छपरावरची घाण न गाळता थेट खाली जाते ती वेगळीच. पुनर्भरण मुरूम-पाषाणाच्या भागात करायचं काम आहे. तुमच्याकडे साठवणच.

टाकी पावसावरून नाही, कोरड्या महिन्यांवरून ठरवा. पिणं आणि स्वयंपाक धरून माणशी ८ लिटर, पाच जणांचे रोजचे ४०. ऑक्टोबर मध्यापासून जून मध्यापर्यंत २४० दिवस, म्हणजे ९,६०० लिटर. १०,००० ची टाकी पुरते. छप्पर ५०० चौरस फूट, म्हणजे ४६ चौरस मीटर. एका चौरस मीटरवर १ मिमी पाऊस म्हणजे १ लिटर. टिनावरून ८५ टक्के हाती लागतं असं धरलं तर २५ मिमीच्या एका चांगल्या पावसात हजार लिटर येतात. ७०० मिमी झाला तरी २७ हजार. पाणी कमी नाही, ठेवायला जागा कमी आहे.

जमिनीखाली नको. काळी माती पाण्यानं फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. या ओढाताणीत विटांचं टाकं तडकतं, आणि तडकल्यावर बाहेरचं खारं पाणी आत झिरपतं. चव बदलेपर्यंत कळतही नाही. जमिनीवरच घ्या. टाकीच्या बुडापेक्षा दोन फूट रुंद खड्डा करून तीन फूट काळी माती काढा, मुरूम सहा-सहा इंचांच्या थरात पाणी मारून ठोका, वर पाच इंच काँक्रीट. भरलेली टाकी दहा टन असते. मी तर ५,००० च्या दोन काळ्या प्लास्टिक टाक्या सुचवेन, मध्ये व्हॉल्व्ह. एक धुताना दुसरी चालू राहते. फेरोसिमेंट (जाळीवर सिमेंटचा गिलावा) स्वस्त पडू शकतं, पण कोंबडीजाळी नीट ताणणारा आणि दोन आठवडे पाणी मारू देणारा मिस्त्री मिळाला तरच. नव्या सिमेंटच्या टाकीचं पहिलं भरलेलं पाणी पिऊ नका, चुन्यानं कडवट लागतं.

पूर्णाकाठ
वरच्याशी सहमत. एक जोडतो: सांडव्याचा पाइप टाकीत येणाऱ्या पाइपाइतकाच, ४ इंची ठेवा आणि तो दहा फूट लांब न्या. तिथंच बुडाशी सोडला तर एका बाजूची माती फुगते आणि ओटा कलतो.

आता पन्हाळ. ६ इंची पीव्हीसी पाइप उभा चिरून दोन्ही पाखांना लावा. उतार मीटरला १ सेंटीमीटर, २५ फुटांत तीन इंच. टिनाची कड पन्हाळीत दोन इंच आत. पन्हाळ अडकवायचे आकडे दर अडीच फुटांवर. चिरलेला पाइप आपल्याकडच्या उन्हात फाकतो, म्हणून प्रत्येक आकड्याजवळ वरून तार आडवी बांधा. मेची दुपार आणि पावसाचा गारवा यात एवढ्या लांबीचा पाइप दीड सेंटीमीटर आखडतो. सांधे सोल्युशननं चिकटवले की नेमके तिथंच फाटतात. एकावर एक सहा इंच चढवून, वरचा तुकडा आत ठेवून मोकळे सोडा.

गाळणीपेक्षाही महत्त्वाचं म्हणजे सरीचं पहिलं पाणी टाकीत जाऊ न देणं. धूळ, पक्ष्यांची विष्ठा, पाला, सगळं त्यातच असतं. टाकीकडे जाणाऱ्या पाइपाला टी-जोड घालून खाली आठ फूट उभा ६ इंची पाइप सोडा. त्यात साधारण ४५ लिटर मावतं, म्हणजे छपरावरचा पहिला १ मिमी. तो भरल्यावरच पाणी पुढं वळतं. हाच पाइप ४ इंची घेतला तर वीस लिटरही मावत नाही, निम्मी घाण टाकीत. तळाला आटे असलेलं झाकण हवं, गाळ काढता आला पाहिजे.

ठिबकवाला
त्या उभ्या पाइपाच्या तळाला ठिबकचा ताशी ८ लिटरचा ड्रिपर लावायचा. आपोआप रिकामा होतो, कुणी लक्षात ठेवायची गरज नाही.

पूर्णाकाठ
भाऊ, ड्रिपरवर लिहिलेलं माप एक किलो दाबाचं असतं. आठ फूट पाण्याचा दाब त्याच्या पाव भागाएवढा, त्यामुळे धार निम्म्यावर येते आणि पाणी उतरेल तशी आणखी मंदावते. रिकामा व्हायला दिवस जातो. त्यात छपराचा गाळ दोन सरींत भोक बंद करतो. अर्धा इंची तोटी लावा आणि तेलाच्या धारेएवढी बारीक धार सोडून ठेवा. झड लागली की मात्र तोटी बंद, नाहीतर चांगलं पाणी वाया जातं.

सांदवाडी
खूप नेमकं सांगितलंत. दोन शंका. पडवीच्या कवेलूचं पाणी जोडू का? अंगणात लिंब आहे, वानरं त्यावरून थेट टिनावर उतरतात. आणि ड्रममध्ये कोळशाची गाळणी करावी असं घरचे म्हणतात.

मुरूम_गिट्टी
कवेलू जोडू नका. शेवाळ, माती, वानरांनी फोडलेले तुकडे, सगळं उतरतं आणि पाणीही कमी मिळतं. ते वेगळ्या ड्रममध्ये घेऊन गुराढोरांना, भाजीला वापरा. सिमेंटच्या जुन्या पत्र्याचं पाणीही पिण्याला नको. लिंबाची टिनावर आलेली फांदी आताच उतरवा, जेवढं अंतर पडेल तेवढी वानरांची ये-जा कमी होते. टिनाचे वॉशर वाळून चिरले असतील तर त्याच वेळी बदला, वाऱ्यात टिन उचललं की पन्हाळही जाते.

ड्रमची गाळणी करा, पण बारीक रेती नको. तासाला ६० मिमीचा जोर आला तर तुमच्या छपरावरून दोन-अडीच हजार लिटर येतात. बारीक रेती ते घेत नाही, पाणी वरून सांडतं. खाली ४० मिमी गिट्टी सहा इंच, मग २० मिमी सहा इंच, वर जाड रेती एक फूट, थरांमध्ये जाळी. रेती पाणी निवळेपर्यंत धुवा. कोळसा वासापुरता काम करतो, पण ओला-सुका होत राहिला की त्यातच जंतू वाढतात. टाकायचाच तर दरवर्षी नवा.

पूर्णाकाठ
गाळणीनं जंतू मरत नाहीत, हे घरच्यांना सांगा. भरलेल्या टाकीत ताजी ब्लीचिंग पावडर हजार लिटरला अडीच ग्रॅम, बादलीत कालवून वरचं निवळ ओता, तासभर थांबा. पुढं क्लोरीन उडून जातं, म्हणून रोजच्या माठात मेडिक्लोर (क्लोरीनचे थेंब), बाटलीवरच्या प्रमाणानं, किंवा उकळून. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडून नमुना तपासून घ्या. टाकीची तोटी तळापासून चार इंच वर, गाळ काढायची वेगळी. हवेच्या आणि सांडव्याच्या तोंडाला डासजाळी, तीही बारीक. सात-आठ दिवसांत अळीचा डास होतो.

मृगाच्या पहिल्या दोन सरी टाकीत घेऊच नका. पोळ्यापर्यंत टाकी काठोकाठ झाली पाहिजे. हत्तीचा (हस्त नक्षत्राचा) पाऊस येईल म्हणून अर्धी ठेवलेली टाकी फेब्रुवारीतच संपते.