दोन वालुकाश्म, पुरले गेले सारख्याच खोलीवर, तरी एकात कण एकमेकांना टेकलेलेच नाहीत. असं कसं?

गाळमाती:
नमस्कार मंडळी, एमएस्सीला सेडिमेंटॉलॉजी आहे आणि डायजेनेसिसच्या (गाळाचा दगड होताना होणाऱ्या बदलांच्या) चॅप्टरपाशी गाडी अडकलीय. शाळेपासून हेच वाचत आलेय की गाळावर गाळ साचतो, वरच्या वजनाने खालचा दाबला जातो आणि त्याचा दगड होतो. आता प्रॅक्टिकलला दोन थिन सेक्शन (सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे दगडाचे पातळ काप) दिलेत, दोन्ही वालुकाश्म, दोन्ही एकाच जाड थरातले. पहिल्यात कण एकमेकांत गच्च रुतलेत, अभ्रकाची पानं वाकलीत, छिद्रं जवळपास नाहीतच. दुसऱ्यात मात्र कणांच्या मधे सगळीकडे कॅल्साइट (चुनखडीतलं खनिज) आणि कण एकमेकांना धड टेकलेले पण नाहीत, जणू कॅल्साइटमधे तरंगतायत. वरचं वजन दोघांवर सारखंच होतं ना, मग दुसरा दाबला का गेला नाही?

खडकवेडा:
खूप चांगला प्रश्न आहे, कारण "दाबला आणि दगड झाला" यात अर्धीच गोष्ट येते. आधी काय झालं आणि नंतर काय, हा क्रम इथे सगळ्यात महत्त्वाचा. वाळू साचते तेव्हा तिच्यात साधारण ४० टक्के जागा मोकळी असते आणि ती पाण्याने भरलेली असते. तुमच्या दुसऱ्या नमुन्यात कॅल्साइट अगदी लवकर आलं, गाळ पृष्ठभागाजवळ असतानाच, आणि कण होते तिथेच जखडले गेले, मग नंतर वरून कितीही थर चढू देत, दाबायला मोकळी जागाच उरली नव्हती. पहिल्यात हे सिमेंट, म्हणजे कणांना जोडणारं खनिज, वेळेत आलं नाही म्हणून कण सरकले, फिरले, अभ्रक वाकलं.
हे तपासता येतं. पॉइंट काउंटिंग करा, म्हणजे स्लाइडवर ठरावीक अंतरावरच्या बिंदूंखाली काय येतं ते मोजा, कणांच्या मधलं सिमेंट अधिक उरलेली छिद्रं यांची बेरीज ३५-४० टक्क्यांच्या आसपास आली तर सिमेंट दाबाच्या आधीचं, १५-२० आली तर बरंच दाबून झाल्यावरचं. फक्त कणांच्या कडा नीट बघा हं, कुरतडल्यासारख्या दिसल्या तर कॅल्साइटने कणांचा भागही खाल्लाय आणि मग ती बेरीज उगाच फुगते. माझ्या मते नवीन लोक सगळ्यात जास्त इथेच फसतात.
शेलमधले (चिखलापासून बनलेल्या खडकातले) कॅल्साइटचे गोळे म्हणजे काँक्रिशन बघितलेत का? बाहेरचे पातळ थर त्या गोळ्याला वळसा घालून जातात, आणि आतले जीवाश्म फुगीर राहतात तर बाहेरचे चपटे होतात. कारण तेच, गोळा आधी घट्ट झाला आणि आजूबाजूचा चिखल नंतर दबला.

क्वार्ट्झप्रेमी:
वरचं सगळं बरोबर, त्यात तापमानाची भर घालतो. खोली म्हणजे नुसतं वजन नाही, दर किलोमीटरला साधारण २५-३० अंश सेल्सिअस उष्णता पण वाढते. क्वार्ट्झ सिमेंट ७०-८० अंशांच्या खाली फारच हळू बनतं, त्याच्या वर वेग घेतं. सिलिका येते कुठून तर बरीचशी त्याच वाळूतून, क्वार्ट्झ कण आणि अभ्रक किंवा चिकणमाती जिथे टेकतात तिथे क्वार्ट्झ विरघळतं आणि शेजारच्या मोकळ्या जागेत परत जमतं. शेलमधल्या स्मेक्टाइटचं इलाइट (दोन्ही चिकणमातीची खनिजं) होताना पण सिलिका आणि पाणी सुटतं. पहिल्या स्लाइडमधे कणांच्या आत धुळीची बारीक गोल रेघ दिसते का बघा, ती मूळ कणाची कड, तिच्या बाहेरचं क्वार्ट्झ नंतर वाढलेलं. क्रॉस्ड निकॉलमधे (सूक्ष्मदर्शकात एकमेकांना काटकोनात लावलेल्या ध्रुवीकरण फिल्टरमधून बघताना) दोन्ही एकत्रच काळे होतात, त्यामुळे रेघ नसेल तर फसायला होतं, तेव्हा कॅथोडोल्युमिनेसन्स (इलेक्ट्रॉनच्या माऱ्याने खनिज चमकवून बघणं) वापरा.
आणि कणांवर क्लोराइटचा (चिकणमातीतल्या एका हिरवट खनिजाचा) सलग पातळ थर बसलेला असेल तर क्वार्ट्झला वाढायला पृष्ठभागच मिळत नाही. अमेरिकेत लुइझियानामधे टस्कलूसा वालुकाश्म ५ किमीपेक्षा खोल असून सुद्धा काही ठिकाणी सच्छिद्रता २० टक्क्यांच्या वर आहे, ती या क्लोराइटमुळेच.

पाण्याखाली:
छिद्रांमधल्या पाण्याचा दाब कसा विसरलात मंडळी? पाण्याला बाहेर पडायला वाट मिळाली नाही तर वरचं ओझं काही प्रमाणात पाणीच उचलतं आणि कणांवर भार कमी येतो. नॉर्थ सीमधल्या एकोफिस्क तेलक्षेत्रात चॉक (मऊ चुनखडक) जवळपास ३ किमी खोल आहे, तरी काही ठिकाणी सच्छिद्रता ४० टक्क्यांपर्यंत टिकलीय, त्यात या जादा दाबाचा मोठा वाटा. तेल आणि गॅस काढायला लागल्यावर दाब उतरला, चॉक दबायला लागला आणि वरचा समुद्रतळ खचला, इतका की १९८७ मधे तिथले प्लॅटफॉर्म ६ मीटरने उचलावे लागले. जे एरवी लाखो वर्षांत होतं ते तिथे माणसांनी कामावर असताना घडताना बघितलं, मला तर हे कितीही वेळा वाचलं तरी थक्क व्हायला होतं.

गाळमाती:
सगळ्यांचे मनापासून आभार! दुसऱ्या स्लाइडचं काउंटिंग केलं, कॅल्साइट ३७ टक्के आलं, कडा बऱ्यापैकी गुळगुळीत आहेत. मग हा अख्खा थरच लवकर सिमेंट झाला असं लिहू का?

खडकवेडा:
नको, थांबा. पहिला नमुना त्याच थरातला आहे ना, म्हणजे उत्तर तुमच्याच हातात आहे. असं कॅल्साइट बऱ्याचदा ठिकठिकाणी जमतं, शंख-शिंपल्यांचा चुरा असेल तिथे किंवा बॅक्टेरियांनी सेंद्रिय पदार्थ कुजवताना बायकार्बोनेट वाढवलं असेल तिथे, आणि हातभर अंतरावर सिमेंटचा पत्ता नसतो. नमुने थरात नेमके कुठून घेतलेत ते सरांना विचारा, आणि "या ठिकाणी कॅल्साइट दाबाच्या आधीचं" एवढंच लिहा.