डिप्लोमानंतर सायबर सिक्युरिटी की साधं कॉम्प्युटर?

प्रश्न: भांडुपला राहतो, कॉम्प्युटर डिप्लोमाचं शेवटचं सेमिस्टर चालू आहे. मला सायबर सिक्युरिटीच करायचंय. बाबा म्हणतात, साधं कॉम्प्युटर घे. डिग्रीसाठी सीईटी द्यावी लागेल का?

उत्तर १: नाही. डिप्लोमाच्या गुणांवर थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. मुंबईत काही कॉलेजांत आयओटी, सायबर सिक्युरिटी, ब्लॉकचेन असं सगळं एकत्र कोंबलेली शाखा आहे. नावाला भुलू नकोस, अभ्यासक्रम उघडून बघ. नेटवर्किंग, ऑपरेटिंग सिस्टीम, क्रिप्टोग्राफी साध्या कॉम्प्युटरलाही असतं, त्यामुळे बाबांचं अगदीच चूक नाही. मी तिथूनच आलो, आता अंधेरीत एसओसीमध्ये, म्हणजे कंपन्यांच्या नेटवर्कवर सायबर हल्ल्यांसाठी पहारा ठेवणाऱ्या केंद्रात, रात्रपाळी करतो. लॉग, म्हणजे सिस्टीमच्या नोंदी, वाचत बसायचं असतं रे, सिनेमातलं हॅकिंग विसर.

उत्तर २: तोवर जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाक. वायरशार्क हे नेटवर्क तपासायचं सॉफ्टवेअर लावून घरच्या नेटवर्कवरचं ट्रॅफिक बघ. ‘ओव्हरदवायर’ या साइटवरचा सिक्युरिटी शिकवणारा बँडिट खेळ फुकट आहे, तोही सोडव. शेजाऱ्यांच्या वायफायला मात्र हात लावू नकोस. आयटी कायदा, २००० च्या कलम ६६ खाली ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

प्रश्नकर्ता: धन्यवाद दादा. बाबा खूश आहेत, पण रात्रपाळीचं वाचून आईच बिथरलीय.